दूध तोडलेली पिल्लं खाद्य सोडतात तेव्हा: बुरशीच्या विषाचा माग कसा काढायचा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. डुकराची पिल्लं सहा आठवड्यांची आहेत, दूध तोडून दहा-बारा दिवस झालेत. नव्या मक्याचं खाद्य सुरू केल्यापासून गव्हाणीत खाद्य उरतंय. दोन-तीन पिल्लांनी उलटी केली, बऱ्याच माद्यांची निरण (योनीचा बाहेरचा भाग) सुजून लाल झाली आहे, हगवण पूर्ण थांबत नाही आणि लसी वेळेवर होऊनही काही पिल्लं खोकतात. मका दिसायला चांगला, कुबट वासही नाही. खाद्य विकणाऱ्याने टॉक्सिन बाईंडर, म्हणजे विष पकडून ठेवणारी पूड, खाद्यात घालायला सांगितलं आहे. हा बुरशीच्या विषाचा परिणाम असू शकतो का, आणि बाईंडर पुरेल का?

आज करायचं काम आधी सांगतो, कारणं नंतर. ते खाद्य पिल्लांसमोरून उचला. गव्हाणी रिकाम्या करून कोपऱ्यात चिकटलेला भरडा खरवडून काढा, धुवून कोरड्या करा आणि वेगळ्या मक्याचं खाद्य द्या. नुसतं पोतं नवं असून चालणार नाही, मका वेगळ्या ठिकाणाहून आलेला हवा. जुनं खाद्य फेकू मात्र नका. त्याचा नमुना लागणार आहे. जमेल तर एक गच्च बांधलेलं पोतं आणि थोडा अख्खा मका बाजूला ठेवा. मग दोन-तीन दिवस पिल्लं किती खातात ते रोज मोजून लिहा. खाणं झपाट्याने पूर्ववत झालं, तर खाद्यात दोष होता याचा तो सगळ्यात जलद पुरावा. अर्ध्या पिल्लांना जुनंच खाद्य ठेवून तुलना करायला काही जण सांगतात. इतकी लक्षणं समोर दिसत असताना मी तसं करणार नाही.

खाद्य बदलण्याआधी पाच मिनिटं पाण्यासाठी द्या. पिण्याच्या पाण्याच्या प्रत्येक निपलखाली भांडं धरून मिनिटाला अर्धा लिटर तरी पाणी येतंय का ते बघा. पाणी कमी पडलं तरीही पिल्लं खाद्य सोडतात, आणि मग आपण उगाच मक्याला दोष देत बसतो.

आता तुमच्या लक्षणांकडे येऊ. खाद्य नाकारणं, उलटी आणि माद्यांची सुजलेली निरण ही तीन लक्षणं एकाच गोठ्यात एकाच वेळी दिसली, की माझं लक्ष आधी फ्युझेरियम जातीच्या बुरशीकडे जातं. फ्युझेरियम ग्रॅमिनिॲरम ही बुरशी मका उभ्या पिकात असताना, विशेषतः तुरे आणि स्त्रीकेसर येण्याच्या सुमारास थंड आणि ओलं हवामान लागलं, की कणसात शिरते. तिथे ती दोन विषं तयार करते. एक डिऑक्सिनिव्हॅलेनॉल, ज्याला डॉन किंवा व्हॉमिटॉक्सिन म्हणतात, आणि दुसरं झिॲरॅलेनॉन. पहिलं खाणं बंद पाडतं, दुसरं मादीच्या जननेंद्रियांवर काम करतं. दोन्ही एकाच बुरशीची असल्यामुळे ती बऱ्याचदा जोडीने सापडतात. तुमच्या वर्णनात ही जोडी स्पष्ट दिसते. खात्री प्रयोगशाळेचा अहवाल देईल, पण तपासणीची दिशा यावरून ठरवता येते.

बाईंडरच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. बाजारातले बरेच स्वस्त बाईंडर मातीवर्गातले असतात, बेंटोनाइट किंवा तत्सम. अफ्लाटॉक्सिन या दुसऱ्या एका बुरशीच्या विषासाठी ते उत्तम काम करतात, कारण अफ्लाटॉक्सिनचा रेणू चपटा असतो आणि मातीच्या थरांमध्ये जाऊन घट्ट बसतो. डॉनवर त्यांचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. झिॲरॅलेनॉनवर झालाच तर थोडाफार. म्हणजे तुमचा त्रास मला वाटतो त्या जोडीचा असेल, तर बाईंडर घालूनही पिल्लांच्या पोटात विष जातच राहील. वर उपाय केल्याचं समाधान मिळेल आणि खाद्य बदलायला आणखी दहा दिवस लागतील. या वयाच्या पिल्लांचे दहा दिवस फार मोलाचे असतात.

मका चांगला दिसतो म्हणून शंका बाजूला सारू नका. बुरशी वेगळी आणि तिचं विष वेगळं. शेतात वाढलेली बुरशी मका वाळवल्यावर वाढायची थांबते, तिची पांढरी-गुलाबी लव मळणीत आणि हाताळणीत झडून जाते, पण दाण्यात उतरलेलं विष तसंच राहतं. उन्हात पसरून, दळून किंवा गोळी बनवताना वाफेने तापवून ते भरवशाने जात नाही. आम्ल मिसळल्याने पुढची बुरशी रोखली जाते, झालेलं विष तसंच राहतं. उलट बाजूही खरी आहे. हिरवट बुरशी आलेल्या दाण्यात दरवेळी विष असतंच असं नाही. म्हणून डोळा आणि नाक यांच्यावर निम्माच विश्वास ठेवा.

तरी एक गोष्ट नक्की करा. त्या मक्याचे चार-पाच किलो दाणे जाड चाळणीतून चाळा आणि खाली पडलेला चुरा पांढऱ्या कागदावर उजेडात पसरा. फुटके, हलके, सुरकुतलेले दाणे आणि भुकटी यांच्यातच विषाचा मोठा वाटा असतो. टोकाशी गुलाबी-तांबूस झाक असलेले दाणे दिसले, तर फ्युझेरियमचा संशय वाढतो. दाण्याच्या टोकापासून किरणांसारख्या पांढऱ्या रेघा फुटलेल्या दिसल्या, तर त्याच कुळातली, पण फ्युमोनिसिन हे वेगळं विष करणारी बुरशी आठवावी. वरवर स्वच्छ दिसणाऱ्या पोत्यातला हा चुरा बघितला की माणसाचं मत बदलतं, हे मी अनेकदा अनुभवलं आहे.

याचा त्रास डुकरालाच एवढा का होतो? रवंथ करणाऱ्या जनावरांत खाद्य आधी पोटाच्या मोठ्या कप्प्यात जातं आणि तिथले सूक्ष्मजीव डॉनचा बराचसा भाग शोषला जाण्याआधीच निकामी करतात. डुकराच्या आतड्यात असे सूक्ष्मजीव मागच्या भागात असतात, तर डॉन पुढच्याच भागात शोषला जातो. संरक्षण आहे, पण उशिरा येतं. म्हणून पाळीव जनावरांत डॉनला सगळ्यात नाजूक डुक्कर. त्यात पिल्लू वजनाच्या मानाने मोठ्या डुकरापेक्षा जास्त खातं, त्याचं यकृत पूर्ण तयार झालेलं नसतं, दूध तुटल्यामुळे आतडं आधीच जखमी असतं आणि आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती नेमकी याच आठवड्यांत ओसरत असते. स्वतःची अजून उभी राहिलेली नसते. विषाने धक्का द्यायला यापेक्षा वाईट वेळ नाही.

संपूर्ण खाद्यात डॉन साधारण १ पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक भाग) पुढे गेला, की पिल्लांचं खाणं कमी होऊ लागतं. प्रमाण वाढेल तसं खाणं आणखी घटतं, आणि १० पीपीएमच्या वर गेल्यावर ती खाद्य जवळजवळ सोडतात. उलटी मात्र पोटात एकदम किती विष गेलं यावर ठरते. म्हणून कळपातलं भुकेलं, धिप्पाड, सगळ्यात आधी गव्हाणीवर तुटून पडणारं पिल्लूच ओकतं आणि किडकिडीतं नुसती उभी राहतात. तुमच्याकडे उलटी केलेली पिल्लं कोणती होती ते आठवून बघा. खाणं कमी होण्याला चव कारणीभूत नसते. विष आतड्यात पोहोचलं की तिथल्या पेशी पोट भरल्याचे आणि मळमळीचे संकेत मेंदूकडे पाठवतात. म्हणून मोलॅसिस किंवा सुगंधी द्रव्य घालून पिल्लांना फसवता येत नाही. फसवलं तरी ते चुकीचं, कारण न खाऊन ते पिल्लू स्वतःला वाचवत असतं. याच कारणामुळे डॉनने पिल्लं सहसा पटापट मरत नाहीत. ती वाढत नाहीत.

खरं नुकसान आतड्यात होतं, आणि ते मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते कुठल्यातरी दुसऱ्याच रोगाच्या नावावर जमा होतं. डॉन पेशीतली प्रथिनं बनवण्याची यंत्रणा अडवतो. जिथे पेशी झपाट्याने बदलतात तिथे याचा घाव आधी बसतो, आणि लहान आतड्याचं अस्तर काही दिवसांतच नवं होत असतं. अन्न शोषणारे बोटांसारखे उंचवटे बुटके होतात, शेजारच्या पेशींना सांधणारी प्रथिनं कमी होतात आणि अस्तर गळकं बनतं. आतड्यातले जंतू आणि त्यांची विषं रक्तात झिरपू लागतात. पिल्लू आधी हगवण करणाऱ्या कोलाय जंतूंशी झगडत असतंच, आता हगवण औषधाने चार दिवस थांबते आणि परत सुरू होते. औषध बदललं जातं, मात्रा वाढवली जाते, आणि गव्हाणीत तेच खाद्य पडत राहतं.

लसीचंही असंच आहे. लस म्हणजे शरीराला दिलेली सूचना. ती ऐकून प्रतिकारद्रव्यं बनवायची तर प्रथिनं बनली पाहिजेत आणि पांढऱ्या पेशी नीट काम करत असल्या पाहिजेत. अफ्लाटॉक्सिन, फ्युमोनिसिन आणि डॉन ही तिन्ही विषं प्रतिकारयंत्रणेत ढवळाढवळ करतात, तीही अशा कमी प्रमाणात, जिथे बाहेरून काही दिसत नाही. तुमच्या पिल्लांचा खोकला लस खराब असल्यामुळे असेलच असं नाही. लस टोचली तेव्हा पिल्लांच्या पोटात कोणतं खाद्य होतं, ती तारीख शोधा. ते आठवडे जुळत असतील, तर स्वच्छ खाद्यावर दोन-तीन आठवडे गेल्यावर पुन्हा लस द्यायची का, हे तुमच्या पशुवैद्यासोबत ठरवा. आज घाईने परत टोचू नका.

झिॲरॅलेनॉन शरीरात इस्ट्रोजेन या मादी संप्रेरकासारखं वागतं. डुकराचं यकृत त्याचं रूपांतर मूळ विषाहूनही जास्त जोमदार अशा पदार्थात करतं, म्हणून इतर जनावरांपेक्षा डुकराला ते अधिक बाधतं. वयात न आलेल्या माद्यांची निरण काही दिवसांतच सुजते, लाल होते, माजावर आल्यासारखी दिसते. कास आणि सडही फुगलेले वाटू शकतात. पिल्लं कुंथत राहिली तर गुदद्वार किंवा योनीमार्ग बाहेर येतो, आणि मग बाकीची पिल्लं त्याला चावतात. असं पिल्लू दिसताच वेगळं करा, पहिली जखम झाल्यावर काही तासांत प्रकरण हाताबाहेर जातं. नर पिल्लांत फारसं दिसत नाही, क्वचित शिश्नाच्या आवरणावर सूज येते. लक्षणं फक्त माद्यांत आणि गोठ्यातल्या एकाच खाद्यावरच्या सगळ्या कप्प्यांत, हा नमुना संसर्गात सहसा दिसत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. नुकत्याच जन्मलेल्या किंवा पीत असलेल्या मादी पिल्लांची निरण सुजलेली दिसली, तर दोष पिल्लांच्या खाद्यात शोधू नका, डुकरिणीच्या खाद्यात शोधा. हे विष गर्भात आणि दुधातून पिल्लाकडे पोहोचतं. अफ्लाटॉक्सिनही दुधात उतरतं. म्हणून 'पिल्लांचा मका वाईट निघाला, तो गाभण डुकरिणींना घालून संपवू' हा विचार पार उलटा आहे. झिॲरॅलेनॉनने गाभण न राहता गाभणासारखी लक्षणं दिसणं, माज हुकणं, अशक्त पिल्लं जन्मणं, हे सगळं त्याच डुकरिणींत होतं. आणि धान्यात अरगट ही बुरशी असेल, जी राय, ज्वारी, बाजरी अशा पिकांच्या कणसांवर येते, तर व्यालेल्या डुकरिणीचं दूधच आटतं. पिल्लं निरोगी जन्मतात आणि उपाशी मरतात. बघणाऱ्याला वाटतं कासेचा रोग झाला.

आता बाकीची विषं. तुमची लक्षणं त्यांच्याकडे बोट दाखवत नसली, तरी तपासणी करताना ती वगळू नका, कारण एका धान्यात एकच विष असेल अशी हमी नसते, आणि दोन विषं मिळून एकेकट्यापेक्षा जास्त त्रास देऊ शकतात.

अफ्लाटॉक्सिन ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचं. उष्णता आणि पाण्याचा ताण सोसलेल्या पिकात आणि ओलसर साठवणीत, मक्यापासून शेंगदाणा आणि सरकी पेंडीपर्यंत सगळीकडे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पिल्लं मेली, त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीपासून या विषाचा शोध लागला. यकृत त्याला पचवायला जातं आणि पचवताना त्याचं अधिक घातक रूप बनवतं, जे पेशीच्या गुणसूत्रांना आणि प्रथिनांना चिकटतं. डॉनसारखं यात पिल्लू लगेच खाद्य सोडत नाही, म्हणून ते अधिक धोक्याचं. केस राठ आणि उभे, वाढ थांबलेली, पिल्लू मलूल, पुढे डोळ्यांत पिवळेपणा, साध्या टोचणीनेही रक्त वाहत राहणं, कारण रक्त गोठवणारी द्रव्यं यकृतातच बनतात. असं एखादं पिल्लू शवविच्छेदनाला उघडलं, की गडद तपकिरी, चकचकीत यकृताऐवजी फिकट पिवळसर, मातकट यकृत हाताला लागतं. पोटात पाणी असतं, पित्ताशयाची भिंत सुजून जाड झालेली असते, आणि त्वचेखाली, आतड्यांवर रक्ताचे ठिपके. ते यकृत एकदा पाहिलं की विसरत नाही.

फ्युमोनिसिन मक्याचं खास विष, आणि पिल्लं ते बिनतक्रार खातात. ते पेशींच्या पडद्यातल्या मेदाची जडणघडण बिघडवतं. प्रमाण फार जास्त, संपूर्ण खाद्यात १०० पीपीएमच्या पुढे असेल, तर काही दिवसांतच हृदयाचं काम खालावून फुफ्फुसांत पाणी भरतं. पिल्लू तोंड उघडं टाकून धापा टाकतं, कातडी निळसर होते आणि काही तासांत मरतं. छाती उघडली तर पिवळसर पाणी आणि जड, ओलं फुफ्फुस. त्याहून बऱ्याच कमी प्रमाणात ते मारत नाही, पण आतड्यात कोलाय जंतूंना आणि फुफ्फुसात खोकल्याच्या जंतूंना जागा करून देतं. तुमच्याकडे खोकला आहे, म्हणून हे विष तपासणीच्या यादीत नक्की घाला.

ऑक्रॅटॉक्सिन मूत्रपिंडाचं विष. जास्त पाणी पिणं, जास्त लघवी, कप्पा कायम ओला, वाढ कमी, आणि शवविच्छेदनात फिकट, मोठी, कडक मूत्रपिंडं. डुकराच्या रक्तात ते बरेच दिवस टिकतं. टी-२ हे फ्युझेरियम कुळातलंच, पण तोंडाच्या आत आणि थुथन्यावर व्रण, खपल्या पाडणारं. पिल्लांचं तोंड उघडून हिरड्या आणि जीभ बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

हे सगळं वाचून प्रत्येक आजाराला बुरशीचं विष म्हणायला लागू नका, तोही तितकाच मोठा धोका. ताप असेल, कान आणि पोट लाल-जांभळं पडत असेल, पिल्लं एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात एकामागून एक आजारी पडत असतील, तर आधी संसर्गजन्य रोग. बुरशीच्या विषात साधारणपणे ताप नसतो, ते एका कप्प्यातून शेजारच्या कप्प्यात पसरत नाही आणि ते खाद्याच्या वाटेने चालतं: ते खाद्य खाणारे कप्पे आजारी, न खाणारे बरे. वाढ खुंटणं आणि खोकला सर्कोव्हायरस आणि पीआरआरएस या विषाणूंनीही होतो. पुन्हा पुन्हा येणारी हगवण साल्मोनेला या जिवाणूनेही येते. विष आणि संसर्ग एकत्रही असू शकतात, किंबहुना बहुतेक वेळा तसंच असतं. मेलेलं एखादं पिल्लू असेल तर शवविच्छेदन करून घ्या आणि थर्मामीटरने दहा पिल्लांचा ताप मोजा.

नमुन्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण अहवाल चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. विष धान्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ आणि एखाद्या दाण्यात भरपूर, असं असतं. एका पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर मका पाठवलात आणि अहवाल 'शून्य' आला, तर तो अहवाल त्या मुठीबद्दल बोलतो, ढिगाबद्दल नाही. शक्य तितक्या पोत्यांत वर, मध्ये आणि तळाशी पोकळ नळी खुपसून थोडं थोडं धान्य काढा. खाद्य टाकीत साठवत असाल, तर ते खाली उतरत असताना दर थोड्या वेळाने वाहत्या धारेतून घ्या. असे वीस-तीस लहान नमुने एकत्र करून पाच-सहा किलो तरी जमवा. सगळं एकदम भरडा, नीट कालवा, आणि त्यातून किलो-दोन किलो पाठवा. कागदी किंवा कापडी पिशवीत पाठवा. ओलसर माल प्लास्टिकमध्ये बांधला की वाटेतच बुरशी वाढते. उरलेला नमुना तारीख लिहून थंड, कोरड्या जागी ठेवून द्या, पुढे वाद झाला तर तोच कामाला येतो. मका आणि तयार खाद्य दोन्ही पाठवा. आणि एक गोष्ट लोक नेहमी विसरतात: आज तुम्ही नमुना घेताय ते खाद्य आणि पिल्लं आजारी पडली तेव्हाचं खाद्य एकच आहे का? म्हणूनच वर म्हटलं, जुनं खाद्य फेकू नका. यापुढे प्रत्येक नव्या मालातून दोन किलो काढून महिनाभर राखून ठेवण्याची सवय लावा.

जांभळ्या दिव्याखाली मका चमकतो का हे बघून निदान करणारेही भेटतील. ती चमक बुरशीच्या दुसऱ्याच पदार्थाची असते. तिने अफ्लाटॉक्सिनचा फार तर संशय घेता येतो, आणि डॉनबद्दल तर ती काहीच सांगत नाही. पट्टीवरची किंवा एलायझा (प्रतिद्रव्यांच्या मदतीने विष मोजणारी) चाचणी प्राथमिक निर्णयाला पुरते. शंका उरली, किंवा अनेक विषं एकदम शोधायची असतील, तर मोठ्या प्रयोगशाळेतली क्रोमॅटोग्राफी, म्हणजे घटक वेगळे करून एकेक मोजणारी चाचणी. काही वेळा विष साखरेच्या रेणूशी जोडलेलं असतं, साध्या चाचणीला ते चुकवतं आणि पिल्लाच्या आतड्यात सुटं होतं. म्हणून अहवालात कमी आकडा, पण खाद्य बदलल्यावर पिल्लं लख्ख सुधारली, असं झालं तर मी पिल्लांचं ऐकतो.

अहवाल हातात आला की आधी एकक बघा. पीपीएम आणि पीपीबी (शंभर कोटी भागांत एक भाग) यांत हजाराचा फरक आहे, आणि या गोंधळात चांगला मका फेकला गेलेला आणि वाईट मका घातला गेलेला, दोन्ही मी पाहिलं आहे. तुलनेसाठी आकडे: युरोपीय संघाच्या २००६ च्या मार्गदर्शक शिफारशीत डुकरांच्या संपूर्ण खाद्यात डॉन ०.९ पीपीएम, पिल्लं आणि तरुण माद्यांसाठी झिॲरॅलेनॉन ०.१ पीपीएम, फ्युमोनिसिन ५ पीपीएम आणि ऑक्रॅटॉक्सिन ०.०५ पीपीएम असं होतं. अफ्लाटॉक्सिन बी१ साठी तिथे पिल्लांच्या खाद्याची मर्यादा ५ पीपीबी आहे, अमेरिकेत लहान जनावरांसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा २० पीपीबी. हे आकडे तयार खाद्याचे आहेत. मक्यात २ पीपीएम डॉन निघाला आणि खाद्यात मका निम्मा असेल, तर मक्यामुळे खाद्यात १ पीपीएम येतो. त्यात गव्हाचा कोंडा किंवा मद्यार्क कारखान्यातला धान्याचा चोथा असेल तर त्यांचंही विष मिळवा. त्या चोथ्यात स्टार्च निघून गेल्यामुळे विष मूळ धान्याच्या साधारण तिप्पट होतं. मका स्वच्छ निघाला आणि दोष चोथ्यात सापडला, असं घडतं.

उपचारात या विषांवर उतारा नाही, हे स्पष्ट सांगतो. स्वच्छ खाद्य, भरपूर पाणी, हगवण असलेल्यांना क्षार-साखरेचं द्रावण, ऊब, आणि जिवाणूंचा संसर्ग खरोखर सापडला तरच प्रतिजैविक. यकृताचा त्रास असेल तर प्रथिनं आणि मेथिओनिन हे अमिनो आम्ल थोडं वाढवणं, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम, रक्तस्राव होत असेल तर के जीवनसत्त्व, हे पशुवैद्याच्या सांगण्यावरून. सेलेनियमची मात्रा अंदाजाने देऊ नका, त्याचंही विष होतं.

बाईंडर कधीच वापरू नका असं मी म्हणत नाही. अहवालात अफ्लाटॉक्सिन असेल, तर चांगला बेंटोनाइट उपयोगी आहे. फ्युमोनिसिन आणि झिॲरॅलेनॉन मोडणारी विकरं (एन्झाइम) आता मिळतात, डॉन निकामी करणारे जिवाणू वापरलेली उत्पादनंही आहेत. मात्र विकणाऱ्याला नेमकं विचारा: हे कोणत्या विषावर काम करतं, आणि ते डुकराच्या शरीरात तपासलं आहे की फक्त काचेच्या नळीत? 'सगळ्या विषांवर चालतं' असं उत्तर आलं, तर ते उत्पादन पिल्लांसाठी घेऊ नका.

शिल्लक मक्याचं काय करायचं हे अहवालावर ठेवा. चाळून, वाऱ्यावर उफणून फुटके-हलके दाणे काढले तर विष बरंच कमी होतं. तो चुरा मात्र कुठल्याच जनावराच्या पुढ्यात जाऊ देऊ नका. डॉन निघाला आणि अफ्लाटॉक्सिन नसेल, तर कोंबड्या आणि मोठी मांसाची गुरं तो मका डुकरांपेक्षा बराच चांगला सहन करतात. अफ्लाटॉक्सिन असेल तर दुभत्या जनावराला अजिबात नाही, ते दुधातून माणसापर्यंत येतं. चांगल्या मक्यात मिसळून पातळ करण्याचा सल्ला मिळेल. काही विषांबाबत काही देशांत त्यावर कायद्याने बंदी आहे, आणि कायदा काही म्हणो, पिल्लांच्या खाद्यात मिसळणीचा मका मी कधीच जाऊ देत नाही. कळपात सगळ्यात लहान जे, त्याला सगळ्यात स्वच्छ धान्य. हात आखडता घ्यायचाच असेल तर तो विक्रीच्या वजनाला आलेल्या डुकरांच्या खाद्यात घ्या. चाळताना आणि गव्हाणी खरवडताना नाका-तोंडावर मास्क ठेवा, ती धूळ तुमच्याही फुफ्फुसात जाते.

साठवणीचं थोडक्यात: मका १३ टक्के ओलाव्याच्या आत आणून मगच साठवा, पोती जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर ठेवा. टाकीचं झाकण उघडून आतल्या बाजूला हात फिरवा. रात्री थंड पत्र्यावर जमलेलं पाणी वरच्या कडेला भरड्याची कडक पापडी बनवतं, आणि ती तुटून थेट गव्हाणीत पडते.

शेवटी, निरणीची सूज. खाणं दोन-तीन दिवसांत सुधारलं आणि सूज तशीच राहिली, तर घाबरून खाद्य पुन्हा बदलू नका. तिला उतरायला तीन-चार आठवडे लागू शकतात. त्यानंतरही नव्या माद्यांत सूज दिसत राहिली, तर खाद्याच्या आधी त्यांच्या अंगाखालचा पेंढा तपासायला पाठवा. पिल्लं तो दिवसभर चघळतात, आणि झिॲरॅलेनॉन पेंढ्यातही असतं.